हिरव्याची टोपली

किशननं ‘प्रभूनं मला सांगितलं’ असं म्हटलं की त्या घरातलं भांडण तिथल्या तिथं मिटायचं. मिटायचं म्हणजे काय, समोरच्याला बोलायला जागाच उरायची नाही. हितेशला कॉमर्सला घालायचं की आयटीआयला, हे असंच ठरलं. राहनाळची ही दोन खोल्यांची जागा घ्यायची की नाही, हेही असंच. दाराला निळा रंग द्यायचा, हेसुद्धा म्हणे प्रभूनंच सांगितलं. आता प्रभूला निळ्या रंगाचं काय पडलंय, असं सुवर्णाच्या अगदी ओठांवर आलं होतं; पण नवऱ्याच्या तोंडी देवाचं नाव असताना वाद घालायचा कुणी? दार निळं झालं.

त्या शनिवारी दुपारी मात्र किशन ते वाक्य बोलला आणि भांडण मिटायच्या ऐवजी सुरू झालं.

“प्रभूनं मला सकाळी प्रार्थनेत स्पष्ट सांगितलंय,” तो म्हणाला. “ती टोपली या घरात राहणार न्हाय.”

टोपली बाहेरच्या खोलीत, म्हाताऱ्या नवशाच्या उशाशी होती. वीतभर बांबूची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. आत मोरपिसांची जुडी, मूठभर तांदूळ आणि झिजून गुळगुळीत झालेला पूर्वजांचा चांदीचा टाक. वारल्यांच्या घरात हिरवा देव असा राहतो, आढ्याला टांगलेला, घरच्या माणसासारखा. नवशाला पाड्यावरून रिक्षात घालून आणलं तेव्हा त्यानं सोबत तेवढंच घेतलं होतं. कपडे किशनच्या बहिणीनं, ठकुबाईनं, मागाहून आणले.

नवशा म्हणजे किशनचा बाप. गणेशपुरीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्याचं झोपडं, आणि आसपासच्या चार पाड्यांत भगत म्हणून नाव. बायको सखी गेल्यापासून एकटाच राहायचा. दिवाळी झाली, आणि ओहोळावर पाण्याला गेलेला म्हातारा दगडावरून घसरून पडला. लाकडाला निघालेल्या बायांनी पाहिलं म्हणून वाचला. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर अशी धरली होती की दोघांनी धरल्याशिवाय उठता येईना. आता याला एकटं ठेवायचं नाही, यावर किशनचं आणि त्याच्या बहिणीचं एकमत झालं. त्या दोघांचं एकमत म्हणजे अमावस्येला चंद्र! ते टोपली दिसेपर्यंत टिकलं, हेच पुष्कळ.

ठकुबाई उंबऱ्यात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. किशनपेक्षा मोठी, अंगानं काटकुळी आणि तोंडानं तिखट.

“राहणार न्हाय तं जाणार कुठं?” तिनं विचारलं.

“तू घेऊन जा.”

“मी? अरे, मी सोमवारी वीटभट्टीवर चालली. पोराबाळांसकट. तिथं मला झोपायला धड आडोसा न्हाय, देव काय धुरात टांगू?”

“मग नदीला सोड.”

ठकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “जित्या माणसाचा देव नदीला सोडतात? भगताच्या पोटी जलमलास अन् एवढं ठावं न्हाय तुला?”

“ताय, मी आता प्रभूचा हाय.”

“अन् बापाचा?”

हितेश मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, “पप्पा, वर माळ्यावर ठेवू ना. कोणाला दिसणारच नाही. टेन्शन खलास.”

“प्रभूला दिसतं.”

“दिसतं तं कवाच दिसली असंल,” ठकुबाई म्हणाली. “आज किती दिस झाले, अजून काय कोपला न्हाय तुझा प्रभू. तूच तेवढा कोपलाय.”

आतल्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या सुवर्णाला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. कारण किशनचा विश्वास खोटा नव्हता. ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? लग्नानंतरची पहिली वर्षं तिनं या माणसाला गटारातून उचलून आणण्यात घालवली होती. मुकादम कामावरून काढायचा, हा मुकादमाला शिव्या घालायचा, आणि संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर. हितेश तेव्हा रांगत होता. मग कुणाच्या तरी ओळखीनं एका प्रार्थनेला गेला, तिथं धाय मोकलून रडला, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. आज दापोड्याच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, शिफ्टला कधी उशीर नाही. दर रविवारी याच खोलीत सतरंज्या अंथरून प्रार्थनेची संगती भरते आणि किशन तिचा पुढारी. ज्यानं आपल्याला हात धरून चिखलातून काढलं, त्याच्या घरात दुसरा देव कसा ठेवायचा, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय? सुवर्णालाही तसं वाटत होतं. निम्मं.

उरलेलं निम्मं मन म्हाताऱ्यापाशी होतं. टोपली गेली तर नवशा जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि पाड्यावर रिकाम्या झोपडीत, उठता न येणारा म्हातारा म्हणजे काय, हेही.

आता सुवर्णाशी देव बोलायचा का, तर बोलायचा. पण त्याचा किशनसारखा गाजावाजा नसे. कधी भाकरी तव्यावर असताना मनात यायचं, ऊठ, शेजारच्या लूमवाल्या भाभीकडे जाऊन ये. नवरा नाइट ड्युटीला, आणि भाभी कळा देत एकटी पडलेली, असं एकदा झालं होतं. “अल्लाह ने भेजा तुमको,” ती म्हणाली, आणि सुवर्णा म्हणाली, “किसीने तो भेजा, अब पहले रिक्शा बुलाती हूँ.” पण असंच मनात आलं म्हणून एकदा ती धावत हितेशच्या कॉलेजात गेली, तर गडी मित्रांबरोबर वडापाव खात होता. तेव्हापासून ती ‘प्रभूनं सांगितलं’ असं कधी म्हणत नसे. ‘मनात आलं’ एवढंच म्हणायची. आणि गंमत अशी, की ती म्हणत नसे म्हणूनच संगतीत तिच्या शब्दाला मोठा भाव. किशन तर सगळ्यांना सांगायचा, “सुवर्णाच्या मनात आलं म्हणजे समजा वरून आलं.”

म्हातारा आल्यापासून ती रोज विचारत होती. भांडी घासताना, नळावर, प्रार्थनेत. प्रभू, या टोपलीचं काय करू? काही म्हणजे काही मनात येत नव्हतं. देव गप्प होता, आणि अशा वेळी गप्प बसलेल्या देवाचा तिला खरं सांगायचं तर रागच आला होता.

तिनं कोरा चहा केला, गूळ घातला आणि म्हाताऱ्याजवळ बसली. ठकुबाई शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आत गेली होती. किशन फोनवर बोलत गल्लीत उभा होता.

“पोरी, माझ्यापायी भांडण लागलं ना?” नवशानं विचारलं.

“भांडण न्हाय बाबा. बोलणं चाललंय.”

“हां. गावभर ऐकू जाईल असं बोलणं.” त्यानं बशीत चहा ओतला. “मी जातो सोमवारी ठकूसंगं. भट्टीवर जाताजाता सोडंल मला पाड्यावर.”

“एकटे राहणार?”

“एकटा कसा? हा हाय ना.” त्यानं टोपलीकडे हनुवटी हलवली.

“हा पाणी आणून देणार हाय का तुम्हाला?”

“तुझा तरी आणून देतो का? नळाला तूच उभी ऱ्हाते.”

दोघंही हसली. हसता हसता म्हाताऱ्याच्या कमरेत कळ आली, तशी सुवर्णानं त्याच्या पाठीमागे उशी सरकवली. सकाळी त्याला आंघोळ घालताना तिनं ती पाठ बघितली होती. नुसती हाडं. हा बाप्या एके काळी दोन पोती भात डोंगरावर चढवायचा, असं सासूबाई सांगायच्या.

“बाबा, रागावू नका, विचारते. ती टोपली पाड्यावर कुणाकडं ठेवली तं? तुम्ही इथं, ती तिथं?”

नवशानं बशी खाली ठेवली. “माझ्या बापानं त्याला सांभाळला, त्याच्या बापानं सांभाळला. माझ्यामागं कोण न्हाय, ते मला ठावं हाय. किशन्या घेणार न्हाय, तुझं पोर घेणार न्हाय. मी मेलो की जाऊ द्या त्याला माझ्यासंगं, मी कोणाला बांधून घालत न्हाय. पण जित्तेपणी? सगळा जलम ज्याच्यासमोर काढला, त्याला आता, मलाच लोकांनी धरून उठवायच्या वख्ताला, बाहेर काढू? तू काढशील तुझ्या प्रभूला?”

“न्हाय,” सुवर्णा म्हणाली.

संध्याकाळी पंढरी पास्टर आले. पास्टरचं नाव पंढरी कसं, असं कुणी नवं माणूस विचारी, तेव्हा ते म्हणत, “नाव आईनं ठेवलंय. ते बदला म्हणून प्रभूनं मला अजून काही सांगितलं नाही.” माणूस साधा. हितेशला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर यांनी घरच्यासारखे दिवस काढले होते. आज मात्र चहाला नको म्हणाले.

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. पास्टर खुर्चीवर, किशन त्यांच्या पायाशी सतरंजीवर, हितेश दाराशी. ठकुबाई आतल्या दाराला टेकून उभी राहिली, पदर खोचून, लढाईला निघाल्यासारखी. नवशाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. टोपली त्याच्या मांडीजवळ.

“बाबा, कंबर कशी हाय?” पास्टरांनी विचारलं.

“हाय जागेवर.”

पास्टर हसले, मग किशनकडे वळले. “किशन, मी तुला ओळखतो. तू त्या टोपलीपुढं हात जोडणार न्हाय, हे मला ठाऊक हाय. पण संगतीत सगळे तुझ्या-माझ्यासारखे जुने न्हाईत. आपली मेघाली बघ. कालपरवा विश्वासात आली. घरातलं सगळं देवदेव सोडलं म्हणून सासरच्यांनी मारलं तिला, अजून हात सुजलेला हाय. उद्या ती इथं येऊन बसणार. तिला मी काय सांगू? किशनदादाच्या घरी चालतं, तुझ्या घरी चालत न्हाय?”

किशननं मान खाली घातली. सुवर्णाला वाटलं, हे पास्टर काही चुकीचं बोलत नाहीत. हीच तर पंचाईत होती. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं.

“बाबांना काढा, असं मी मरेपर्यंत म्हणणार न्हाय,” पास्टर पुढे म्हणाले. “पण टोपली राहिली, तं संगती या घरात भरणार न्हाय. मला तेवढं करावंच लागंल.”

“त्याची वेळ येणार न्हाय, पास्टर,” किशन ताठ बसत म्हणाला. “मला प्रभूनं सांगितलंय. टोपली जाणार.”

“कसं सांगितलं?”

आवाज भिंतीकडून आला. नवशा इतका वेळ डोळे मिटून होता, सगळ्यांना वाटलं झोपलाय.

“कसं म्हणजे, बाबा?”

“आवाज आला? सपान पडलं? अंग हाललं?”

“मनात आलं. स्पष्ट.”

“कवा?”

“सकाळी सांगितलं ना. प्रार्थनेत.”

“प्रार्थनेला बसलास तवा रागात होतास का शांत?”

उत्तर ठकुबाईनं दारातूनच दिलं, “रागात! माझ्याशी भांडून बसलेला.”

“तू गप गं,” म्हातारा म्हणाला. मग पोराकडे बघून सावकाश बोलू लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्याला कामातली खोच समजावून सांगावी तसं बोलणं होतं. “किशन्या, तुझ्या देवाचं मला काय कळत न्हाय. पण मी भगत हाय. माणसं यायची, पोर तापलंय, गाय हरवलीय. मी सुपात दाणे टाकायचो. कवा कवा देव बोलायचा. लई वेळा न्हाय बोलायचा. पण समोर बाई रडतेय, नवऱ्यानं कोंबडा आणलाय, तिला ‘देव गप हाय, घरी जा’ असं कोण सांगंल? मंग मी बोलायचो. माझाच आवाज, जरा जाडा करून. माणसं खूश होऊन जायची.”

“म्हणजे तुम्ही खोटं...” हितेशच्या तोंडून निघालं.

“अरे, समदेच भगत करतात ते. न्हाय करत म्हणंल तो अजून खोटा.” म्हातारा जरासा हसला. “पण मला फरक कळतो. देव खरा बोलतो ना, तवा भगतच पहिला भितो. अंग गळून जातं. कारण आपल्याला नको असतं तेच तो सांगतो, बहुतेक करून. तू सकाळपासून बोलतोयस, प्रभूनं सांगितलं, प्रभूनं सांगितलं. एकदा तरी भ्यालास? तुझ्या मनात होतं तेच बरोब्बर बोलला तुझा देव. किशन्या, तो जाडा आवाज मी वळखतो. तो माझ्या घरातलाच हाय.”

बाहेर गोडाऊनकडे वळणारा ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचं पीं पीं तेवढं ऐकू येत राहिलं. किशनचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. तो उठला आणि आत मोरीकडे गेला. पास्टर उठले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सकाळी येतो,” आणि चपला घालून निघून गेले.

सुवर्णा आत गेली तेव्हा किशन मोरीच्या कठड्यावर बसला होता. नळ उघडा, आणि बादली भरून वाहत होती. तिनं नळ बंद केला.

“सगळ्यांसमोर,” तो म्हणाला. “माझ्या पोरासमोर. पास्टरसमोर.”

“म्हातारं माणूस हाय. मनाला लावून घेऊ नका.”

“लावून घेऊ नको कसं? खरं बोलला म्हणून तं लागलं ना!” त्यानं तोंडावर पाणी मारलं. “त्या वक्ताला मला वाटलं खरंच प्रभू बोलतोय. शप्पत वाटलं. आता आठवायला गेलो तं माझाच आवाज ऐकू येतो. मग याआधीचं सगळं? तेपण माझंच होतं का?”

दारू सुटली ती तुमच्या आवाजानं सुटली नव्हती, असं सुवर्णाला म्हणायचं होतं. ती म्हणालीही. किशननं मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. तो काय विचारणार, ते तिला आधीच कळलं.

“तुला काही सांगितलं का त्यानं? तू विचारलं असशीलच. तू सांग, सुवर्णा. तू सांगशील तसं करतो.”

एक वाक्य. ‘हो, सांगितलं, बाबांना राहू द्या.’ एवढं म्हटलं की झालं. तो निमूट ऐकणार होता, पास्टरही कदाचित ऐकणार होते, म्हातारा उबेला राहणार होता. कुणाचं काय बिघडणार होतं? उलट एका जिवाचं भलंच. वाक्य जिभेवर येऊन बसलं, गुळाच्या खड्यासारखं. एक तर गिळायचं, नाहीतर बोलून टाकायचं. आणि न बोललं तर? किशन पुन्हा आपल्या हट्टावर गेला तर? सोमवारी ठकुबाई म्हाताऱ्याला पाड्यावर उतरवील आणि भट्टीचा टेम्पो पुढे जाईल. प्रभू, तू तरी बोल की रे आता! तिनं मनातल्या मनात अक्षरशः ओरडून बघितलं. काही नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. “मला काही ऐकू आलं न्हाय. रोज विचारते. तो गप हाय.”

किशनचे खांदे पडले. “मग करायचं काय?”

“मला विचाराल तं बाबा इथंच ऱ्हावेत. टोपलीसकट. पण ते माझं म्हणणं हाय, त्याचं न्हाय. मेघालीचं तोंड आठवलं की मलापण कळेनासं होतं.”

“अन् चुकलो तं?”

“चुकलो तं त्याच्याचकडं जायचं ना,” सुवर्णा म्हणाली. “दुसरं कोण हाय आपल्याला? एवढा चिखलातून काढला त्यानं तुम्हाला, एक चूक झाली म्हणून काय परत नेऊन टाकील?” आणि मग तिला रडू आलं, कारण इतके दिवस ती उत्तर मागत होती आणि या गोष्टीवर आपला खरंच भरवसा आहे का, हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं. किशननं ओल्या हातानंच तिचा हात धरला. पण काय ठरवलं ते बोलला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

रविवारी सकाळी नेहमीसारख्या दाराबाहेर चपला जमल्या. ‘प्रेज द लॉर्ड’, ‘प्रेज द लॉर्ड’ करत माणसं आत आली. पुढच्या गल्लीतला कुमार ढोलकी घेऊन आला. मेघाली कडेवर पोर घेऊन आली, सुजलेला हात पदरात लपवून, आणि सुवर्णाच्या शेजारी बसली. पास्टर पंढरी आले आणि उभेच राहिले. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. नवशा होता. टोपलीही होती.

किशन उठला. एरवी तो प्रार्थना करायचा तर गोडाऊनच्या वॉचमनलासुद्धा ऐकू जायची. आज त्याला घसा दोनदा खाकरावा लागला.

“मी नेहमी तुमच्यापुढं म्हणतो, प्रभूनं मला सांगितलं. आज तसं म्हणणार न्हाय. प्रभू मला या बाबतीत काही बोललेला न्हाय. मी वाट बघितली.” तो थांबला. “माझा बाप इथं राहणार. त्याची टोपली त्याच्याजवळ राहणार, तो हाय तवर. मी तिच्यापुढं हात जोडणार न्हाय, माझ्या घरातलं कोणी जोडणार न्हाय. पण त्यापायी बापाला उचलून बाहेर ठेवणार न्हाय. हे माझं ठरवणं हाय. चुकलं तं मी चुकलो. त्याचं नाव मी याला लावत न्हाय.”

पहिली बोलली ती मेघाली. “दादा, मग मी कशाला मार खाल्ला?”

तिनं हे भांडायला विचारलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. किशनचे डोळे भरून आले.

“पोरी, तू ज्याच्यासाठी खाल्लास त्याला ठाऊक हाय, तो ते वाया जाऊ देणार न्हाय. पण तुला कोणी मारून बदलू शकलं न्हाय ना? मग मी माझ्या बापाला हाकलून कसा बदलू?”

मेघालीनं मांडीवरचं पोर सावरलं. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पास्टरांनी हलकेच कुमारला खूण केली, तशी त्यानं ढोलकी उचलली. एकेक करून माणसं उठू लागली. आजपासून संगती कुमारच्या घरी भरणार, हे न सांगता सगळ्यांना समजलं. कुणी किशनकडे बघत होतं, कुणी मुद्दाम बघत नव्हतं. मेघालीनं जाताना न सुजलेल्या हातानं सुवर्णाचं बोट दाबलं.

“मी माझा शब्द पाळतोय, किशन,” दारात पास्टर म्हणाले. “राग धरू नकोस.”

“न्हाय धरत.”

“तुला ठरवावं लागलं, तसं मलापण ठरवावं लागतंय. त्याचं नाव मीही याला लावत न्हाय.” त्यांनी किशनला छातीशी धरलं, जरा जास्तच वेळ, आणि ते गेले.

एवढ्या वर्षांत रविवारी त्या खोलीत इतकी जागा कधी नव्हती. नुसत्या सतरंज्या उरल्या होत्या. ठकुबाईनं नाक पदराला पुसलं. ही बाई रडली, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. “एवढं मोठं आधण ठेवलंय चहाचं,” ती म्हणाली, “आता कोण पिणार? मीच पिते.” आणि ती तरातरा आत गेली. हितेशही तिच्यामागे गेला.

पुढच्या गल्लीत ढोलकी सुरू झाली. किशन थोडा वेळ उभा राहून ती ऐकत होता. मग आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांवर बसला. सुवर्णानं वाट बघितली. आता सुरू करील, हे प्रभू, हे स्वर्गीय पित्या. तो काहीच बोलला नाही. हात मांडीवर उघडे, मान जराशी एका बाजूला. लग्नापासून आजवर तिनं या माणसाला देवासमोर गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या मानेवर घाम आला होता आणि खांदे किंचित थरथरत होते.

नवशानं तिला हातानं जवळ बोलावलं. “काय करतोय तो?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“प्रार्थना, बाबा.”

“मंग आवाज कुठं हाय?”

“ऐकतायत.”

म्हाताऱ्यानं पोराच्या पाठीकडे नीट निरखून बघितलं. मग भिंतीला तळहात टेकून, कमरेची कळ सोसत, तो होईल तेवढा सरळ बसला.

“मंग तू पण बोलू नको,” तो म्हणाला.

सुवर्णा त्याच्या शेजारी खाली बसली.